स्वर्गातले वीजबिल

निवृत्तीनंतर उष्ण कटिबंधातल्या देशात जाऊन राहणाऱ्यांना घर स्वस्त पडते, भाजी स्वस्त पडते, मदतनीसही परवडतो. मग महिनाअखेरीस हिशेब बिघडतो कुठे?

जाहिरातीतल्या चित्रात नारळाची झाडे असतात, निळे पाणी असते आणि आरामखुर्चीत विसावलेले साठीपुढचे जोडपे असते. थोडक्या पेन्शनीत राजासारखे राहता येईल, असे आश्वासनही खाली छापलेले असते. त्या चित्रात विजेचा मीटर मात्र कधीच दिसत नाही.

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी अशा थंड देशांतली पुष्कळ माणसे निवृत्तीनंतर पनामा, कोस्टा रिका, थायलंड, फिलिपिन्स, मलेशिया अशा ठिकाणी बिऱ्हाड हलवतात. मायदेशी जे निवृत्तिवेतन घरभाडे, औषधे आणि हिवाळ्यात घर उबदार ठेवणे यातच संपून जाते, ते तिकडे महिनाभर पुरते, असा त्यांचा हिशेब असतो. तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण घर गरम ठेवण्याचा खर्च वाचला, म्हणून घर गार ठेवण्याचा खर्च चुकत नाही. थंडीचे बिल वर्षातले चार-पाच महिने येते. उकाड्याचे बिल बाराही महिने येऊ शकते.

पेन्शन ठरावीक असते. बाजारहाट कमी करता येतो, प्रवास पुढे ढकलता येतो. वीज, पाणी, गॅस यांची बिले मात्र तारखेला भरावीच लागतात. म्हणून परदेशी राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी घराच्या भाड्याआधी या तीन गोष्टींची चौकशी करावी हे उत्तम.

पनामाची सवलत

निवृत्तांना बोलावणाऱ्या देशांत पनामाचे नाव नेहमी वरच्या क्रमांकावर असते. आयुष्यभर मिळणारी महिना किमान १,००० डॉलरची पेन्शन दाखवली की तिथे निवृत्तांसाठीचा निवासाचा परवाना मिळू शकतो. पनामाचे चलन बाल्बोआ. त्याची किंमत १९०४ पासून अमेरिकन डॉलरबरोबर एकास एक बांधलेली आहे आणि व्यवहारात नोटा अमेरिकन डॉलरच्याच चालतात. त्यामुळे अमेरिकेतून आलेल्या पेन्शनरला चलनाच्या चढउताराची धास्ती नसते. विजेचा दाबही अमेरिकेसारखाच, त्यामुळे तिकडून आणलेली उपकरणे जशीच्या तशी चालतात. हा फायदा आहे आणि तोटाही. तो पुढे येईलच.

पनामाने १९८७ साली ज्येष्ठ नागरिक व निवृत्तांसाठी कायदा क्रमांक ६ केला. पंचावन्न वर्षांवरील स्त्रिया आणि साठ वर्षांवरील पुरुष यांना त्यात अनेक सवलती आहेत आणि देशात रीतसर राहणाऱ्या परदेशी निवृत्तांनाही त्या मिळतात. घरखर्चापुरते बोलायचे तर वीजबिलावर २५ टक्के, घरच्या स्थिर टेलिफोनवर २५ टक्के आणि पाण्याच्या बिलावर २५ टक्के सूट आहे. ऐकायला फार छान वाटते. पण विजेची सूट महिना ६०० युनिटपर्यंतच्या वापरावर आहे, वरच्या वापराला पूर्ण दर पडतो. पाण्याची सूटही बिल ३० डॉलरच्या आत असेल तरच.

कागदावर मांडलेला हिशेब

हिशेब सोपा व्हावा म्हणून विजेचा दर युनिटला २० सेंट धरू. प्रत्यक्षात तो कंपनी, भाग आणि वापर यांप्रमाणे कमी-जास्त असतो.

एक जोडपे रात्री फक्त झोपायच्या खोलीत एक टनाचा एसी लावते. कॉम्प्रेसर सारखा चालू राहत नाही हे धरले तरी आठ तासांत साधारण सहा युनिटे जळतात, म्हणजे महिना १८०. फ्रिजची ५०-६०, पंखे, दिवे, टीव्ही, पंप, इस्त्री, धुलाई यंत्र यांची मिळून दीडशेच्या आसपास. एकूण ४०० युनिटांच्या आत-बाहेर. बिल ८० डॉलर, सूट २० डॉलर, भरायचे ६०. हजार डॉलरच्या पेन्शनीत हा आकडा बसतो.

दुसरे जोडपे समुद्राकाठी, मोठ्या काचांच्या घरात राहते. दीड टनाचे तीन एसी जवळजवळ दिवसभर चालू. कॉम्प्रेसर निम्मा वेळच चालतो असे मानले तरी दिवसाला ५० युनिटांच्या वर जातात. महिन्याला फक्त एसीची सोळाशेच्या आसपास. बिल ३२० डॉलर आणि सूट? पहिल्या ६०० युनिटांवर २५ टक्के, म्हणजे ३० डॉलर. उरले २९०. पेन्शनीचा जवळजवळ तीस टक्के भाग हवा गार करण्यातच गेला आणि पंचवीस टक्क्यांची सूट प्रत्यक्षात दहा टक्केही पडली नाही. घराबाहेर छोटासा पोहण्याचा तलाव असेल तर त्याचा पंपही जमेला धरावा. एक अश्वशक्तीचा पंप दिवसाला आठ तास चालला की महिन्याला दोनशेवर युनिटे सहज होतात.

सवलतीचा कायदा कमी वापरणाऱ्याला अधिक उपयोगी पडतो तो असा. त्याचा लाभ घ्यायचा तर घर निवडतानाच विचार हवा. काचा लावून झाल्यावर तो करून उपयोग नाही.

मुंबई की महाबळेश्वर?

पनामा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे नऊ अंशांवर आहे, म्हणजे आपल्याकडच्या दक्षिण केरळच्या पातळीवर. राजधानी पनामा सिटीची हवा मुंबईकराला ओळखीची वाटेल : बारा महिने उकाडा, घाम आणि मे ते डिसेंबर पाऊस. तिथे एसीशिवाय राहणे परदेशी माणसाला जड जाते.

पण त्याच देशाच्या पश्चिमेला चिरिकी प्रांतात बोकेते नावाचे गाव आहे. बारू या ३,४७४ मीटर उंच ज्वालामुखीच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटरवर. आपल्या पाचगणीपेक्षा थोडेसेच खाली. कॉफीचे मळे, गार रात्री आणि डोंगरावरून उतरणारी बारीक भुरभुर. तिला तिथले लोक 'बाहारेके' म्हणतात. तिथल्या पुष्कळ घरांत एसी नसतोच, हीटरही नसतो. बोकेतेपासून जेमतेम ४० किलोमीटरवर, खाली सपाटीवरचे दावीद शहर मात्र चांगलेच तापते. तासाभराच्या वाटेवर दोन घरांच्या वीजबिलांत चौपट फरक पडू शकतो. परदेशी निवृत्तांची मोठी वस्ती बोकेतेत वाढली, त्यामागे हवेचा वाटा मोठा आहे.

कोस्टा रिकाच्या मध्य खोऱ्यातही तसेच. सान होसे आणि आसपासची गावे हजार-बाराशे मीटरवर असल्याने पंखाही अनेकदा लागत नाही. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर गेले की चित्र बदलते. आणि तिथे करही ठेच लावतो. २०१९ च्या जुलैपासून तिथे मूल्यवर्धित कर लागू झाला, तेव्हा घरगुती विजेला महिना २८० युनिटपर्यंत माफी ठेवली. २८० च्या वर वापर गेला की १३ टक्के कर फक्त वरच्या युनिटांवर न लागता सगळ्या वापरावर लागतो. पाण्यालाही ३० घनमीटरची तशीच मर्यादा आहे. एखाद्या महिन्यात पाहुणे आले, दोन दिवस एसी जास्त चालला, की बिल एकदम उडी घेते. महिन्याच्या विसाव्या दिवशी मीटर वाचण्याची सवय तिथे खरोखर पैसे वाचवते.

ओल आणि बुरशी

डोंगरावर एसी लागत नाही म्हणून हुरळून जाऊ नये. दमट हवेचे बिल वेगळे असते. कोकणात श्रावणात चामड्याची चप्पल हिरवी होते, पुस्तकांना वास येतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सांगायला नको. परदेशी पेन्शनर मात्र कपाटातला कोट, कॅमेरा आणि गादी बुरशीने खराब झाल्यावर जागे होतात आणि हवेतली ओल शोषणारे यंत्र विकत आणतात. चारशे वॉटचे असे एक यंत्र दिवसरात्र चालले तर महिन्याला २८० च्या वर युनिटे खाते. रात्रीच्या एसीपेक्षा जास्त! ते सगळ्या घराला न लावता एका बंद खोलीत किंवा कपाटांच्या खोलीत, दिवसातले काही तास लावले तर काम भागते. कपाटाला जाळीची दारे, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवलेले सामान आणि समोरासमोरच्या खिडक्या यांना तर वीजच लागत नाही.

कपडे वाळवण्याचे यंत्र हे असेच दुसरे खाते. अमेरिकेतून सामानाबरोबर आणलेली ही यंत्रे एका खेपेला तीन-एक युनिटे घेतात. मोठाले जुने फ्रिज आणि पन्नास गॅलनच्या गरम पाण्याच्या टाक्याही तशाच. विजेचा दाब जुळतो म्हणून सारे आणता येते, हाच मघाशी म्हटलेला तोटा. टाकीत पाणी नुसते गरम ठेवण्यातच रोज दोन-तीन युनिटे जातात. स्थानिक घरांत त्याऐवजी नळाच्या तोंडाशीच पाणी तापवणारी विजेची शॉवरतोटी असते. ती चार-पाच किलोवॉटची असली तरी दहा मिनिटांच्या अंघोळीला पाऊण युनिटच लागते. मात्र तिचे अर्थिंग जाणकार वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय ती वापरू नये.

पावसाळ्यातल्या विजा आणि कमी-जास्त होणारा दाब यांनी टीव्ही, संगणक, फ्रिजचा कॉम्प्रेसर जळणे हे मध्य अमेरिकेत नित्याचे. मीटरपाशी दाबरोधक बसवण्याचा खर्च पहिल्याच महिन्याच्या अंदाजपत्रकात धरावा.

गॅस आणि पाणी

स्वयंपाकाचा गॅस ही पनामात खरोखर दिलासा देणारी गोष्ट आहे. २५ पौंडांची, म्हणजे सुमारे सव्वाअकरा किलोंची टाकी सरकारी अनुदानामुळे राजधानीत वर्षानुवर्षे ४.३७ डॉलरला मिळत आली आहे. दोन माणसांच्या स्वयंपाकाला ती महिन्याहून अधिक पुरते. मात्र अनुदान या लहान टाकीलाच आहे. १०० पौंडांची मोठी टाकी, जी अनेक परदेशी घरांत बसवलेली असते, तिला बाजारभाव पडतो. विजेची शेगडी असलेले नवे घर पाहून खूश होण्याआधी हे लक्षात घ्यावे.

पाण्याचे सरकारी बिल बहुतेक ठिकाणी किरकोळ असते. प्रश्न बिलाचा कमी आणि पुरवठ्याचा जास्त. डिसेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतच्या कोरड्या दिवसांत अनेक गावांत नळ कोरडे पडतात. मग टाकी, पंप, पिण्याच्या पाण्याचे कॅन असा खर्च सुरू होतो. २०२३ च्या दुष्काळात पनामा कालव्याला पाणी पुरवणारे गातून सरोवर इतके आटले की जहाजांची संख्या कमी करावी लागली. शहरांचे पिण्याचे पाणीही त्याच खोऱ्यातून येते. २०२५ मध्ये आसुएरो द्वीपकल्पाच्या काही भागांत नदीचे पाणी दूषित झाले आणि नळाचे पाणी पिण्याजोगे उरले नाही. बिल दोन-पाच डॉलरचे आणि विकतचे पाणी त्याच्या कित्येक पट, असा अनुभव तिथल्या घरांनी घेतला.

मीटर कोणाच्या नावावर?

भाड्याच्या घरात हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. पनामाची २५ टक्के सूट ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे आणि जो स्वतः त्या घरात राहतो अशा ज्येष्ठाला मिळते. मीटर घरमालकाच्या नावावर राहिला तर कायदा कितीही चांगला असो, भाडेकरूच्या हाती काही पडत नाही.

थायलंडमध्ये हीच गोष्ट निराळ्या रूपात भेटते. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाने ८ लाख बाहत बँकेत दाखवले की निवृत्तांचा व्हिसा मिळू शकतो. चिआंग माई, हुआ हिन, पट्टाया इथे त्यामुळे युरोपीय पेन्शनरांची गर्दी. घरगुती विजेचा सरकारी सरासरी दर अलीकडच्या वर्षांत युनिटला चार-साडेचार बाहतच्या आसपास राहिला आहे. इंधनाच्या किमतीनुसार ठरणारा एक अधिभार दर चार महिन्यांनी बदलतो, म्हणून २०२२ च्या अखेरीस तो ४.७२ बाहतपर्यंत गेला होता आणि २०२४ मध्ये ४.१८ पर्यंत उतरला. पण भाड्याच्या इमारतींतले मालक आपला स्वतंत्र मीटर लावून सात-आठ बाहत घेतात, हा सर्रास अनुभव आहे. २०१८ साली तिथल्या ग्राहक संरक्षण मंडळाने पाच किंवा अधिक घरे भाड्याने देणाऱ्या मालकांवर बंधन घातले : वीज-पाण्याचे पैसे प्रत्यक्ष दरापेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. एक-दोनच घरे भाड्याने देणारा मालक या नियमाबाहेर राहतो. म्हणून करारावर सही करण्याआधी मागच्या एप्रिल महिन्याचे वीजमंडळाचे मूळ बिल पाहायला मागावे. थायलंडमध्ये एप्रिल हा सर्वांत उकाड्याचा महिना.

पेन्शन गोठते, बिल गोठत नाही

बिलाची दुसरी बाजू म्हणजे ते भरणारा पैसा. ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन दरवर्षी वाढते. एप्रिल २०२३ मध्ये ते १०.१ टक्क्यांनी आणि एप्रिल २०२४ मध्ये ८.५ टक्क्यांनी वाढले. पण ही वाढ परदेशात काही ठरावीक देशांत राहणाऱ्यांनाच मिळते. फिलिपिन्समध्ये मिळते, थायलंडमध्ये मिळत नाही. भारतातही मिळत नाही. तिथे गेल्यावर पेन्शन जेवढी असेल तेवढीच आयुष्यभर गोठून राहते. पासष्टीला पुरणारी रक्कम ऐंशीला पुरेलच असे नाही आणि नेमके त्याच वयात उकाडा अधिक बाधतो.

कोस्टा रिकात वेगळा धक्का बसला. २०२२ च्या मध्याला एका डॉलरला ६९० च्या आसपास कोलोन मिळत होते. पुढच्या दोन वर्षांत ते ५१०-५२० वर आले. डॉलरमध्ये पेन्शन घेणाऱ्याचे बिल कोलोनमध्ये तेवढेच राहिले तरी डॉलरमध्ये ते तिसऱ्या हिश्श्याने वाढले.

आणि एक हिशेब जोडीने बसून करायला जड जातो, तरी तो केलाच पाहिजे. दोघांपैकी एक गेल्यावर काय? अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत मागे राहिलेल्या जोडीदाराला दोन पेन्शनींपैकी मोठी तेवढी चालू राहते, दुसरी बंद होते. घराचे बिल मात्र अर्धे होत नाही. फ्रिज तितकाच चालतो, खोली गार करायला तितकीच वीज लागते, दिवे, पंप, टेलिफोन सारे तसेच. त्यातून मीटर गेलेल्या माणसाच्या नावावर असेल, तर परक्या देशात, परक्या भाषेत, ती सूट आपल्या नावावर करून घेण्याची धावपळ एकट्या माणसाला करावी लागते. दोघेही धडधाकट असतानाच दोघांनाही कचेरी, कागदपत्रे आणि बिल भरायची पद्धत ठाऊक असणे म्हणूनच महत्त्वाचे.

काटकसर कुठे थांबवावी

बिलाच्या धाकाने एसी बंद ठेवून घामाघूम बसणे ही बचत नव्हे. वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होते, घाम कमी येतो, शरीर तापमान सांभाळू शकत नाही. रक्तदाबावरची काही औषधे, विशेषतः लघवी वाढवणारी, शरीरातले पाणी आणखी कमी करतात. बाहेर ३५ अंशांच्या वर गेले की नुसता पंखा वयस्कर माणसाला फारसा उपयोगी पडत नाही. इन्सुलिन असेल तर फ्रिजची वीज जाऊन चालत नाही. अशा वेळी सगळे घर गार करण्यापेक्षा एकच लहान, सावलीतली खोली दार लावून गार ठेवावी आणि दुपारी दोघांनी तिथेच बसावे. एसी २६-२७ अंशांवर आणि सोबत छताचा पंखा, एवढ्याने बहुतेकांचे भागते.

आपल्याकडे मुंबई-पुण्याहून निवृत्त होऊन कोकणात किंवा गोव्यात घर बांधणाऱ्यांनाही यातले बरेच काही लागू आहे. महाराष्ट्रातही १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर विजेचा दर बदलतो. तिथेही ओल आहे, तिथेही सहा महिने बंद ठेवलेल्या घराचा स्थिर आकार चुकत नाही.

परदेशी घर घेण्याआधी तिथे एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने राहून पाहावे. मागच्या बारा महिन्यांची बिले मागावीत, एका महिन्याचे बिल पुरत नाही. छत कशाचे आहे, मावळतीच्या बाजूला भिंत आहे की काच, आडवा वारा येतो का, पाण्याची टाकी किती दिवस पुरते, हे डोळ्यांनी पाहावे. बिले एकट्याच्या पेन्शनीवरही भागतात का, हा आकडा कागदावर लिहावा. तो जमत असेल तर समुद्र, डोंगर, नारळ, काहीही निवडायला हरकत नाही.